टीव्हीला झोपवायचं कुणी?

"काकू नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, मुलगी दहा महिन्यांची. मी सकाळी साडेनऊला कामावर जाते, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला असतात, दिवसभर पोरं सासूबाईंकडे. वर्षापूर्वी नणंदेनं सांगितलं म्हणून लहान मुलांचा एक चॅनल घेतला, खास प्लेस्कूलच्या वयाच्या मुलांसाठीचा, मारामारी नाही, रंग, आकडे, गाणी वगैरे. आता तो सकाळपासून चालूच असतो. मुलगा त्याशिवाय जेवत नाही, बंद केला की जमिनीवर लोळतो आणि हल्ली 'मम्मी मुझे पानी चाहिए' असं हिंदीत बोलतो. टीव्ही चालू असताना हाक मारली तर ओ देत नाही. धाकटीला सासूबाई तिथंच सतरंजीवर बसवतात, ती पण बघते. मिस्टर म्हणतात शिकतोय तर शिकू दे, माझी आई म्हणते डोळे जातील. चॅनल काढून टाकू का? काढला तर सासूबाई म्हणतील मग तूच सांभाळ."

अगं, सगळ्यात आधी उत्तर देते आणि मग बोलत बसू. चॅनल आज काढू नकोस. चिडून काढलास तर दोन दिवसांत सासूबाई मोबाईल देतील हातात, आणि ते टीव्हीपेक्षा वाईट, कारण टीव्हीवर काय चाललंय ते स्वयंपाकघरातून ऐकू तरी येतं, मोबाईल घेऊन पोरगं कॉटखाली गेलं की काय बघतंय ते देवालाच माहीत.

आणि सासूबाईंचं म्हणशील तर मी त्यांच्या बाजूनं आहे, राग येऊ देऊ नकोस. साडेतीन वर्षांचं धावतं पोरगं आणि दहा महिन्यांचं रांगतं, म्हणजे एक गॅलरीकडं पळतंय तर दुसरं चपला तोंडात घालतंय. मी अठ्ठावीस वर्षं बालवाडीत काढली, वीस-वीस पोरं सांभाळली, पण तिथं मदतीला ताई होत्या, अंगण होतं आणि साडेअकराला घंटा वाजली की पोरं आपापल्या घरी. तुझ्या सासूबाईंची घंटा तू सहा वाजता आल्यावर वाजते. त्यात त्या वयाला गुडघे बोलत असतातच, कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत एवढंच. भाकरी थापायला दोन्ही हात लागतात, तेवढ्या वेळात पोरगं एका जागी बसावं असं त्यांना वाटलं तर त्यात त्यांचं काय चुकलं? टीव्हीनं त्यांची सोय केली. फक्त ती अर्ध्या तासाची सोय आठ तासांची झाली, भांडण काय ते तेवढ्याचंच आहे.

आता त्या चॅनलकडं वळू. एका रविवारी तू स्वतः त्याच्या शेजारी बस आणि एक अख्खा एपिसोड बघ, मोबाईल लांब ठेवून. कारण "लहान मुलांचा चॅनल" म्हणजे आपल्याला सगळे सारखेच वाटतात आणि तसं नाहीये. पोगोवर २००८ साली आलेला छोटा भीम काय किंवा निकवरचे २०१२ चे मोटू-पतलू काय, हे शाळेत जाणाऱ्या पोरांचे आहेत, त्यात पाठलाग, ठोसे, आदळआपट, ते सात-आठ वर्षांच्या पोराला कळतं की गंमत आहे, साडेतीनच्याला फक्त आदळआपट कळते. रिमोटवर हे आणि तान्ह्यांचे चॅनल एकाच लाईनीत असतात, कुणीतरी एक नंबर पुढं दाबला की झालं, आणि पोराला पुढं दाबायला शिकवावं लागत नाही.

खरा प्लेस्कूलच्या वयाचा कार्यक्रम ओळखायची एक युक्ती सांगते. संध्याकाळी दिवे घालव, टीव्ही लाव आणि टीव्हीकडं बघायचंच नाही, समोरच्या भिंतीकडं बघायचं. भिंतीवर उजेड सारखा लकलक लकलक करत असेल, वीज चमकल्यासारखा, तर चित्र दर दोन सेकंदाला बदलतंय, तो कार्यक्रम त्याच्यासाठी नाही. उजेड बराच वेळ शांत राहतोय, मग हळूच बदलतोय, तर निदान बनवणाऱ्यानं विचार केलाय. अमेरिकेत २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला होता, काहींना फक्त नऊ मिनिटं एक भन्नाट वेगाचं कार्टून दाखवलं, काहींना संथ कार्यक्रम, काहींच्या हातात नुसते कागद आणि रंग दिले. लगेच नंतर लक्ष देऊन करायची छोटी कामं दिली तर वेगवान कार्टूनवाली पोरं मागं पडली. आता तो परिणाम किती टिकतो हा वेगळा प्रश्न, पण तुझा लेक टीव्ही बंद केल्या केल्या का लोळतो त्याचं थोडं उत्तर त्यात आहे, त्याच्या डोक्यात अजून गाडी पळतच असते आणि आपण एकदम ब्रेक मारतो.

दुसरी खूण म्हणजे गप्प बसणं. चांगल्या कार्यक्रमातलं पात्र प्रश्न विचारतं आणि गप्प बसतं, खरोखर चार-पाच सेकंद पोराकडं बघत. कार्टूनमधली डोरा बघितली असशील तू, ती डोळे मिचकावत उभी राहते ना, आपल्याला बावळट वाटतं, पण ती जागा पोराच्या उत्तरासाठी सोडलेली असते. तिच्याही आधी, १९९६ ला निकलोडियनवर ब्लूज क्लूज म्हणून एक निळ्या कुत्रीचा कार्यक्रम सुरू झाला, तर त्यांनी काय केलं, एकच एपिसोड सोमवार ते शुक्रवार रोज दाखवला! मोठ्या माणसाला वेड लागेल. पण पोरं पहिल्या दिवशी नुसती बघायची आणि पाचव्या दिवशी ओरडून उत्तरं द्यायची. आपल्या पोरांना रोज तीच गोष्ट हवी असते, एक शब्द बदलला तरी चालत नाही, ते याचमुळं. आणि सेसमी स्ट्रीट, अमेरिकेतला मुलांचा कार्यक्रम, १९६९ चा, ज्याचं आपल्याकडं २००६ ला गल्ली गल्ली सिम सिम झालं, त्यातली शाळेचा युनिफॉर्म घातलेली बाहुली चमकी आठवत असेल बघ, त्या लोकांनी तर अजून मजा केली होती, पोरासमोर टीव्ही लावायचा आणि बाजूला दुसऱ्या पडद्यावर दर सात-आठ सेकंदांनी वेगळं चित्र टाकायचं, आणि पोरगं टीव्ही सोडून तिकडं कधी बघतंय ते लिहून घ्यायचं. म्हणजे कुठला भाग कंटाळवाणा ते पोरांनाच विचारलं, तोंडानं नाही तर मानेनं. असं डोकं लावून केलेलं काम असतं, त्यामुळं "टीव्ही म्हणजे विष" असं मी म्हणणार नाही, तुझ्या आईनं म्हटलं तरी.

पण मिस्टर म्हणतात शिकतोय, ते तपासून बघ की. हळदीच्या सांगलीत राहतेस म्हटल्यावर सोपं आहे. टीव्हीवर पिवळा फुगा आला की "यलो" ओरडतो ना, मग त्याला हळदीचा डबा उघडून दाखव आणि विचार हा कुठला रंग. बरीच पोरं गप्प बसतात. आमच्या नातवाचं हेच झालं होतं, टीव्हीबरोबर दहापर्यंत आकडे धडाधड, आणि ताटातल्या चकल्या मोजायला सांगितल्या तर तीन चकल्यांवर बोट फिरवत सातपर्यंत गेला. त्याला गाणं पाठ होतं, मोजणं येत नव्हतं. त्यात वाईट काही नाही, पण ते गाणं ताटात उतरवायला शेजारी माणूस लागतं. सोबत बसून एवढंच म्हणायचं, "अरे हा बघ आपल्या बादलीसारखाच निळा," बास. म्हणून मिस्टरांना सांग, शिकतोय म्हणताय तर शिफ्टवरून आल्यावर वीस मिनिटं तुम्ही त्याच्याजवळ बसा. बघू किती दिवस शिकू दे म्हणतात.

आता मूळ दुखणं. बीबीसीचा सीबीबीज नावाचा चॅनल आहे, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, २००२ ला सुरू झाला, आपल्याकडं पण काही वर्षं दिसायचा, २०१२ ला गेला. इंग्लंडमध्ये त्यावर जाहिराती नसतात ते एक आहेच, पण मला त्यातली आवडलेली गोष्ट दुसरीच, तो संध्याकाळी सातला बंद होतो. शेवटी कुणीतरी पुस्तक घेऊन बसतं, पोरांना झोपायच्या आधीची गोष्ट सांगतं, आणि मग चॅनलच झोपतो. आईबापाला व्हिलन व्हावं लागत नाही. तुझ्या घरचा चॅनल झोपत नाही, रात्री बाराला लाव, कुणीतरी ससा नाचत असेल. एक कार्यक्रम संपायच्या आत कोपऱ्यात पुढचा दिसायला लागतो, मध्ये चॉकलेटची, बिस्किटाची, खेळण्यातल्या गाडीची जाहिरात, आणि जाहिरात आणि गोष्ट यातला फरक साडेतीनच्या पोराला कळतच नाही, त्याला वाटतं सशानंच सांगितलं गाडी घे म्हणून. जिथं चॅनल झोपत नाही तिथं त्याला झोपवायचं काम घरानं करायचं, आणि ते तुझ्या घरात कुणाकडंच दिलेलं नाहीये. तू कामावर, मिस्टर शिफ्टला, सासूबाईंना वाटतं सुनेनं घेतलाय चॅनल तर तिला चालत असेल.

आमच्याकडं पहिला टीव्ही आला ना, ब्लॅक अँड व्हाईट, त्याला लाकडी शटर होतं, दोन्ही बाजूनं सरकवायचं आणि कुलूप लावायचं, किल्ली सासऱ्यांच्या जानव्याला. शटर नसलेल्यांच्या टीव्हीवर क्रोशाचं कव्हर असायचं. आपण हसतो त्याला, पण टीव्ही तेव्हा दिसायचाच नाही दिवसभर. तू एक जुनी ओढणी घे, आणि कार्यक्रम संपला की बंद करायचं बटन लेकालाच दाबायला दे आणि ओढणी पण त्यालाच घालू दे, "टीव्ही झोपला, पांघरूण घाल त्याला." या वयाच्या पोरांना हे खरं वाटतं गं. आमच्या बालवाडीतली एक पोरगी खडूच्या डब्याला पण अंगाई म्हणायची.

वेळ सांगताना "अर्धा तास" सांगू नकोस, त्याला घड्याळ कळत नाही, "हा ससा आणि मग ते हत्तीचं, मग झोप" असं सांग, आणि गोष्ट अर्ध्यात कधी तोडू नकोस. वेळ कुठली ते सासूबाईंना ठरवू दे, त्यांना भाकरीच्या वेळी नको असेल पोरगं मध्ये तर तीच वेळ टीव्हीची, त्यांचं काम पण होईल आणि त्यांचा नियम म्हटल्यावर त्या पाळतील पण. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास असं आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं आहे, त्यात मोबाईल पण धरायचा बरं का. आठ तासांवरून एकावर एका दिवसात येऊ नकोस, आधी दुपारचा बंद कर, मग सकाळचा.

जेवण मात्र पहिल्या दिवसापासून वेगळं. यावर मी ऐकणार नाही. टीव्हीसमोर पोरगं जेवत नाही, आपण त्याच्या तोंडात घास टाकतो आणि ते गिळतं, पोट भरलं की नाही ते त्याला पण कळत नाही आणि आपल्याला पण. ताटली खाली, सगळ्यांबरोबर, त्याच्या हातानं. तीन-चार दिवस कमी खाईल, सांडेल जास्त, सासूबाईंचा जीव वरखाली होईल. तब्येतीनं ठीक असलेलं पोरगं भूक लागल्यावर खातंच. नाहीतर भडंगाचा पुडा लपवून ठेव आणि बघ कसं शोधून काढतं.

लोळणं तीन-चार दिवस चालेल. शेजारी बस, बोलू नकोस जास्त, हलू पण नकोस. मग विचारशील दिवसभर करेल काय. २०१९ च्या पुरात आम्ही गावभागातून उठून तुमच्या विश्रामबागलाच भावाकडं आलो होतो, एका फ्लॅटमध्ये चौदा माणसं, टीव्हीवर दिवसभर पाणी कुठं आलं त्याच्या बातम्या, पोरांना रिमोट मिळायचा प्रश्नच नव्हता. पहिला दिवस नुसता रडारडीचा. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर चौघांनी वहिनीचे सगळे डबे उपडे मांडून कृष्णेवरचा आयर्विन पूल केलेला, सतरंजीची बोट, आणि एकजण पुलावरून ओरडतोय "आजी आधी, आजी आधी!" मी आत जाऊन रडले जरा. तसला पूर परत नको, पण डबे तर तुझ्याकडं पण आहेत. खालचं एक कपाट पोरांसाठी मोकळं कर, त्यात स्टीलचे डबे, झाकणं, लाकडी चमचे, जुन्या साड्या, सासूबाईंना तिथं बसल्या बसल्या लक्ष ठेवता येईल. वाटाणे सोलायला दे. संध्याकाळी आमराईत नाहीतर सोसायटीच्या खाली तरी घेऊन जा, डोळ्यांसाठी पण तेच औषध, उजेडात लांबवर बघणं.

हिंदीचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. कन्नडमध्ये चिंटू टीव्ही आहे, तमिळमध्ये चुट्टी, तेलुगूत कुशी, मल्याळममध्ये कोचू, त्या चारही भाषांच्या पोरांना आपल्या भाषेत दिवसभर कार्टून मिळतं, आणि आपली पोरं बघतात ते बहुतेक हिंदीत, मग हिंदीच बोलणार. जतकडून आलेली एक पोरगी होती माझ्या वर्गात, घरी कन्नड, गल्लीत मराठी, टीव्हीवर हिंदी, तीन भाषांत भांडायची आणि तिन्हीत जिंकायची. भाषा जास्त झाल्यानं पोरं बिघडत नाहीत. रागवू नकोस, चिडवू पण नकोस, "मुझे पानी चाहिए" म्हणाला की "पाणी हवंय होय? घे, थोडंच घे, सांडू नको," असं मराठीत भरभरून उत्तर दे. आणि तुमच्या सेट-टॉप बॉक्सवर भाषा बदलता येते का ते रिमोटवर बघ, काही चॅनलला असतं.

आता धाकटी. तिचं तू जाता जाता एका ओळीत लिहिलंयस आणि मला खरी काळजी तिचीच आहे. लेकाचं वय तरी टीव्हीतून काही घ्यायचं आहे, तिचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, आणि आपले डॉक्टर पण दोन वर्षांपर्यंत नाहीच म्हणतात, व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांशी बोलणं सोडून. फ्रान्समध्ये तर २००८ मध्ये तिथल्या टीव्हीवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं तिथल्या चॅनलना तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी म्हणून कार्यक्रम दाखवायलाच मनाई केली. का, तर एक प्रयोग सांगते, मला फार आवडतो तो. अमेरिकेतली नऊ महिन्यांची बाळं, म्हणजे तुझ्या लेकीच्याच वयाची, काहींसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून खेळली, पुस्तक वाचून दाखवलं, असं बारा वेळा. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीवर. पहिल्यांना चिनी भाषेतले आवाज वेगळे ओळखता यायला लागले, टीव्हीवाल्यांच्या पदरात शून्य. २००३ ची गोष्ट. बाळ काय बघतं माहितीये का, आपण त्याच्याकडं बघतोय का ते बघतं, आणि टीव्हीतली बाई कितीही गोड असली तरी तुझ्या लेकीकडं बघत नाही. शिवाय टीव्ही नुसता चालू असला तरी घरातली मोठी माणसं बाळाशी कमी बोलतात, हे मोजून बघितलेलं आहे, तू पण मोज एक दिवस. सतरंजी टीव्हीकडं पाठ येईल अशी टाका, नाहीतर सरळ स्वयंपाकघराच्या दारात टाका, आजी भाकरी थापता थापता "ही बघ ही फुगली, ही तुझ्या दादाची" म्हणतील ना, त्याच्याएवढा चॅनल जगात नाही तिच्यासाठी.

आणि हाकेला ओ देत नाही ते. टीव्ही बंद असताना, मागून, हळू आवाजात हाक मारून बघ. वळून बघतो, बोट दाखवून वस्तू दाखवतो, तुझ्याशी वाक्य करून बोलतो, दुसऱ्या पोरांत खेळतो, तर तो फक्त टीव्हीत बुडालेला असतो, आपण पण सिरीयल बघताना तशाच असतो. पण बंद असतानाही वळत नसेल, नजर देत नसेल, तर महिना-दोन महिने टीव्ही कमी करून वाट बघत बसू नकोस, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखव आणि कान तपासून घे. बहुतेक काही नसेल, पण विचारायचं.

राहता राहिला पॅक. २०१९ पासून एकेक चॅनल निवडून घेता-काढता येतो, त्यामुळं घाई नाही. रिचार्ज संपेपर्यंत बघ, तो एक तास भिंतीवर उजेड शांत राहतोय असं दिसलं तर राहू दे, लकलक करत असेल तर केबलवाल्याला फोन कर, आणि काढलास तर त्या पैशाचं महिन्याला एक चित्रांचं पुस्तक आण, जाड पानांचं, धाकटी खाणार आहे ते.

हे पत्र सासूबाईंना दाखवलंस तरी चालेल, फक्त गुडघ्यांचा भाग आधी वाचून दाखव.